शिट्टीचा सूर लागतो, पण सकाळी आवाज बसलेला असतो

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

रात्री मोबाईलवर एखादी रील बघितलेली असते. त्यात कुणीतरी मराया कॅरी किंवा एरियाना ग्रांडे या पॉप गायिकांच्या धर्तीवर अगदी उंच, शिट्टीसारखा सूर काढतं. आपण करून बघतो. पंधरा-वीस वेळा नुसती हवा जाते आणि मग एकदा अचानक बारीक ‘ई’ निघतो. आनंदाच्या भरात आणखी पन्नास वेळा होतं. सकाळी उठल्यावर आवाज जाड आणि खरखरीत. तार षड्ज लागतो, पण आधी फुस्स करून हवा येते आणि मागून सूर. दुपारपर्यंत जरा सुधारतं, म्हणून संध्याकाळी परत प्रयत्न, आणि दुसऱ्या सकाळी परत तेच.

काहींना आणखीही त्रास होतो. सारखं खाकरावंसं वाटतं. कानाखाली, जबड्याच्या मागे दमल्यासारखं होतं. वर जाताना दर वेळी एकाच सुरावर आवाज तुटतो. आणि परवा लागलेली शिट्टी आज काही केल्या लागत नाही.

ही तक्रार घेऊन सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या क्लासात दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी येतंच, गणपतीनंतर जरा जास्तच. मी शिकले हिंदुस्थानी. शिकवते सुगम आणि हल्ली मुलांना हवं असतं म्हणून पॉपही. येणाऱ्याला वाटत असतं की व्हिसल, म्हणजे हा शिट्टीचा सूर, लावायची युक्ती चुकतेय. बहुतेक वेळा चूक त्याच्या खाली असते. तार सप्तकातला हलका आवाज कच्चा असतो, आणि ती कसर जोर लावून भरून काढायची सवय पडलेली असते.

थोडं यंत्राबद्दल

बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा थरथरतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा मध्य सा २०८ हर्ट्झला असतो, तार सा ४१५ ला, अतितार सा ८३१ ला. व्हिसल त्याच्याही वर, अतितार गंधार-मध्यमाच्या आसपास, म्हणजे साधारण १००० ते ११०० हर्ट्झपासून सुरू होते. ख्यालात तार पंचमापर्यंत गेलं तरी पुष्कळ झालं असं आपण म्हणतो. हे त्या पंचमाच्याही पाच सूर वर. मोझार्टच्या १७९१ सालच्या ऑपेरातलं ‘रात्रीची राणी’ हे पात्र १३९७ हर्ट्झच्या आसपास जातं, आणि तेवढ्या एका सुरासाठी सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या, गायिका वर्षानुवर्षं तयारी करतात.

बाईच्या स्वरतंतूचा थरथरणारा भाग जेमतेम एक सेंटीमीटर. व्हिसलमध्ये तो ताणून पातळ होतो, आणि त्यातलाही छोटासा तुकडाच हलतो असं मानतात. तिथे हवा फार कमी लागते.

मिरजेत तंबोरा लावताना कधी बघितलंय? खुंटी पिळून सूर जवळ आणतात, पण शेवटचं केसभर अंतर घोडीखालचा मणी सरकवून गाठतात. तार जोरात छेडून कुणी सूर चढवत नाही. घशात मात्र हवेचा दाब वाढवला की सूर किंचित चढतो, आणि तिथेच सगळे फसतात. खुंटीही नाही, मणीही नाही, नुसती तार ओरबाडत राहतात.

आता तपासण्या. क्रमाने करा. पहिल्या चारांना पैसे लागत नाहीत.

ती खरंच व्हिसल आहे का?

मोबाईलवर फुकटचं ट्यूनर ॲप घ्या आणि तो सूर काढताना आकडा बघा. ७०० किंवा ८०० दिसत असेल तर ती व्हिसल नाही, पातळ केलेला डोक्यातला आवाज (हेड व्हॉइस), म्हणजे तार सप्तकातला हलका आवाज आहे. त्याला ताणून शिट्टीसारखा ऐकू येईल असा करणं हेच दुखण्याचं मूळ असतं. अशी माणसं व्हिसलचा सराव करतच नसतात, नेहमीच्या वरच्या आवाजावर अत्याचार करत असतात. ॲप कधीकधी एक सप्तक वर-खाली दाखवतं, म्हणून पियानोच्या ॲपवर तोच सूर वाजवून कानाने पडताळा.

दुसरं म्हणजे सूर श्वास सोडताना येतोय की आत ओढताना? आत ओढून चीं करणं सोपं, त्यामुळे पुष्कळांना पहिल्यांदा तसंच सापडतं. त्याने घसा कोरडा पडतो आणि गाण्यात त्याचा उपयोग नाही. सोडून द्या.

आणि व्हिसलमध्ये शब्द म्हणायचा प्रयत्न करत असाल तर तोही थांबवा. एवढ्या उंचीवर ‘आ’ आणि ‘ई’ यांत ऐकणाऱ्याला फरक कळतच नाही, कारण स्वर ओळखू येण्यासाठी तोंडात जो घुमारा लागतो त्याच्याही वर मूळ सूर गेलेला असतो. उच्चार स्पष्ट करायला जबडा कितीही वाकडा केला तरी फळ नाही.

घड्याळ आणि पाणी

किती वेळ करता? विचारलं की सगळे ‘थोडाच वेळ’ म्हणतात. टायमर लावल्यावर तो थोडा वेळ चाळीस मिनिटांचा निघतो. मी क्लासात तीन ते पाच मिनिटं देते, एक दिवसाआड, तेही गळा तापल्यानंतर. झोपेतून उठल्याउठल्या नाही, जागरण झालेल्या रात्री नाही, सर्दीत अजिबात नाही.

पाणी आदल्या दिवसापासून प्यावं लागतं. गाण्याआधी घटाघट प्यायलेला तांब्या लगेच स्वरतंतूंपर्यंत जात नाही. गिळलेली कुठलीच गोष्ट त्यांना शिवत नाही. शिवली तर ठसका लागतो. ज्येष्ठमध, हळद-दूध, मध-आलं यांनी घशाला बरं वाटतं. खुशाल घ्या, आपण तर हळदीच्याच गावात राहतो. पण ते घेतलं म्हणून आज जास्त वेळ करता येईल असं समजू नका. थेट तिथपर्यंत पोहोचते ती वाफ. साध्या पाण्याची, बेताची गरम, त्यात बाम वगैरे न टाकता.

सकाळची बारीक आवाजातली परीक्षा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

सकाळी तोंड धुऊन, थोडं बोलून झाल्यावर, वाढदिवसाच्या गाण्याची पहिली ओळ तार सप्तकात म्हणा. झोपलेल्या बाळाशेजारी म्हणाल इतक्या हळू. मग एकेक सूर वर सरकत तीच ओळ. कुठल्या सुरावर आवाज येईनासा होतो किंवा आधी हवा आणि मागून सूर येतो, ते वहीत तारखेसकट लिहा.

हळूच का? स्वरतंतूवर जरा सूज असली तरी जोरात गाताना हवेचा दाब ती झाकून टाकतो. हळू गाताना झाकायला काही उरत नाही. कडेला थोडा फुगवटा असेल तर दोन्ही तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. आवाजाचे डॉक्टरही सूज ओळखायला अशी परीक्षा वापरतात.

गेल्या पावसाळ्यात अकरावीतली एक मुलगी आली होती. सतरंजीवर बसायच्या आधीच म्हणाली, “ताई, परवा लागली होती की! आज का नाही लागत?” म्हटलं, आधी वाढदिवसाचं म्हण. तिने मोकळ्या आवाजात म्हटलं, एकदम स्वच्छ. “अगं, एवढ्या मोठ्याने नको. बाळ उठेल.” ती हसली, आणि हळू म्हणायला गेली तर दुसऱ्या शब्दावर आवाज गायब. ओठ हलत होते, पंखा तेवढा ऐकू येत होता. तीन सूर खाली घेतलं तेव्हा कुठे आला. तिचा चेहरा उतरला. मी पेटी मिटली, चहा ठेवला आणि पाच दिवस वरचं काहीही करायचं नाही म्हणून सांगितलं. सहाव्या दिवशी तीच ओळ चार सूर वर स्वच्छ निघाली.

नियम सोपा आहे. कालच्यापेक्षा आज दोन-तीन सूर खालीच आवाज गळत असेल तर व्हिसलला सुट्टी. रोजच्यासारखाच असेल तर करा. मुलींनी पाळीच्या आधीच्या दिवसांची वहीत खूण ठेवावी. त्या दिवसांत काहींचे स्वरतंतू थोडे सुजतात आणि परीक्षा बिघडते, यात घाबरण्यासारखं काही नाही.

जोर

मोबाईल हाताच्या अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा. आधी बोला, मग व्हिसल लावा. सुरुवातीच्या महिन्यांत ती बोलण्यापेक्षा लहान असायला हवी. बिजागरी कुरकुरावी, कुत्र्याचं पिल्लू झोपेत कण्हावं, तेवढीच. तोंडासमोर तळहात धरा. वाऱ्याचा झोत लागत असेल तर तुम्ही ढकलताय.

रीलमधला आवाज मोठा असतो कारण माईक ओठाला चिकटलेला असतो, वर यंत्रातून घुमारा दिलेला असतो. हे सांगितल्यावर निम्म्या मुलांचे खांदे तिथल्या तिथे खाली येतात.

इथे एक आपलं उदाहरण देते. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका. व्हिसलचा तिथे काही संबंध नाही, पण वर चढताना आवाज जाड होण्याऐवजी बारीक आणि गोड होत जातो. बारीक म्हणजे कमजोर असं मानणाऱ्या मुलांना मी त्या ऐकवते.

आरसा

आरशासमोर सूर धरा आणि मान हळूच डावीकडे-उजवीकडे हलवा, ‘नाही, नाही’ म्हणतो तशी. मान हलताच सूर मेला तर तो मानेच्या स्नायूंवर टांगलेला होता. जबडा पुढे येतोय, जीभ मागे गोळा होतेय, शिरा टरारतायत, हेही तिथेच दिसेल. गळ्याची घाटी (कंठमणी) थोडी वर चढणं मात्र चूक नाही. एवढ्या उंचीवर ती चढतेच. काही मुलं बोटाने ती खाली दाबून धरतात. कुणी शिकवलं देव जाणे. करू नका.

स्ट्रॉ, पाणी आणि मधला पूल

इथवर सगळं ठीक असूनही त्रास होत असेल तर खरी मेहनत इथे आहे, आणि तिला आठवडे लागतात.

शहाळेवाल्याकडची एक स्ट्रॉ आणि अर्धा ग्लास पाणी घ्या. स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडवा, ओठ घट्ट मिटा आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. आता तार सा पासून ॲम्ब्युलन्सच्या भोंग्यासारखं घसरत वर जा आणि खाली या. तोंड जवळजवळ बंद असल्यामुळे हवेचा थोडा दाब मागे, स्वरतंतूंच्या वर साचतो. त्यामुळे ते एकमेकांवर आपटायचे कमी होतात आणि कमी श्रमात थरथरत राहतात.

बघायचं आहे ते पाण्याकडे. वर जाताना बुडबुडे एकसारखे बारीक राहिले तर उत्तम. ठराविक सुराला पोचलं की पाणी उसळून टेबलावर सांडायला लागलं तर तिथे तुम्ही ढकलायला लागलात. बुडबुडे चालू राहिले पण सूर गेला तर तिथे भोक आहे. त्या अकरावीतल्या मुलीचं पाणी अतितार षड्जाच्या जरा अलीकडे उसळायचं, आणि तिथेच तिचा आवाज तुटायचा. पहिल्या दिवशी वहीची दोन पानं भिजली. तेव्हापासून ग्लासाखाली जुना टॉवेल असतो.

ते भोक खालून धडका मारून बुजत नाही. वरून उतरा. पिल्लाच्या कण्हण्यासारखा छोटा सूर वर कुठेही लागू दे, ठरवून अमुकच नको. तो लागला की मींडेने, म्हणजे न तोडता घसरत, खाली या, त्या तुटणाऱ्या जागेतून, आवाज न वाढवता. तुटला तर तुटू दे. परत वरून. पाच-सहा वेळा, मग स्ट्रॉने खाली मध्य सप्तकापर्यंत भोंगा काढून थांबा. रोज दहा मिनिटं स्ट्रॉ चालेल. वरून उतरण्याचं काम एक दिवसाआड.

याच काळात तार सप्तकातले पलटे बारीक आवाजात घ्या. मुलांना याचा कंटाळा येतो. पण अतितार सा हळू आवाजात दोन सेकंद धरता येत नसेल तर त्याच्या वरचं घर कशावर उभं राहणार?

आवाज फुटायच्या वयातल्या मुलांना मी हे शिकवतच नाही. मुलींचाही आवाज बारा-चौदाच्या सुमारास बदलतो, त्यात हवा मिसळते; तो दोष नसतो. आई-वडील स्पर्धेची तारीख घेऊन येतात, तेव्हा त्यांनाही हेच सांगते.

पोट, गोळ्या, गर्दी

सकाळी आवाज जड, घशात गोळा अडकल्यासारखं, सारखं खाकरणं, आणि आदल्या दिवशी गाण्याचं नावही नव्हतं? मग गळ्याआधी पोटाकडे बघा. रात्री अकराला तिखट भडंग आणि वर चहा, मग लगेच आडवं. पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं आणि स्वरयंत्राच्या मागच्या भागाला सूज आणतं. झोपायच्या तीन तास आधी जेवण उरका, उशीकडची बाजू उंच करा आणि दोन आठवडे बघा. भडंग कायमचं सोडा असं म्हणायला मी सांगलीत राहून धजणार नाही, दुपारी खा.

सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घसा कोरडा पडतो. डॉक्टरांनी दिलेल्या असतील तर बंद करू नका, त्या दिवसांत व्हिसल करू नका एवढंच. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी गिळा. आणि मिरवणुकीत ढोलाच्या आवाजावर ओरडून बोलणं हे एका व्हिसलपेक्षा कितीतरी वाईट. तिथून येऊन सराव करू नका.

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

आता जे लिहितेय त्यात घरचे उपाय नाहीत.

गाता-गाता, ओरडताना किंवा खोकताना आवाज एकदम गेला किंवा बदलला, तर त्याच क्षणी तोंड बंद. दुखत नसलं तरी. स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटल्यावर असं होतं आणि बहुतेक वेळा दुखत नाही. मी पंचवीस वर्षांची असताना एका कार्यक्रमाच्या दिवशी अंगात कणकण होती, म्हणून ॲस्पिरिन घेतलं आणि उभी राहिले. अंतऱ्यातल्या तार पंचमावर आवाज मधूनच नाहीसा झाला, कुणी पंखा बंद करावा तसा. चूक सर्वस्वी माझी. मिरजेत डॉक्टरांनी कॅमेऱ्यातून दाखवलं, एका बाजूचा तंतू लालभडक. ॲस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे अशा वेळी धोका वाढतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचे दहा दिवस पाटीवर लिहून बोलले. कुजबुजायचीही परवानगी नव्हती. कुजबुजतानाही घसा आवळला जातो.

आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, गाताना दुखलं, गिळायला त्रास झाला, थुंकीतून रक्त आलं, मानेत गाठ लागली, किंवा सकाळची परीक्षा आठवडाभर विश्रांती घेऊनही सुधारली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. श्वास अडकत असेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल तर वाट न बघता दवाखान्यात जा. गाण्याच्या शिक्षकाने घशात डोकावून निदान करू नये, मीही करत नाही.

डॉक्टरांना मी गाते हे आधी सांगा आणि स्ट्रोबोस्कोपी होते का ते विचारा. साध्या कॅमेऱ्यात इतक्या वेगाने हलणारे तंतू नुसते धूसर दिसतात. स्ट्रोबच्या लुकलुकत्या उजेडात तीच हालचाल संथ झाल्यासारखी दिसते, आणि कडेची बारीक गाठही नजरेत येते. गाठी निघाल्या म्हणून लगेच घाबरू नका. गाणाऱ्यांच्या नेहमीच्या गाठींवर आधी आवाजाची थेरपी देतात आणि बऱ्याच जणांचं त्यातच भागतं. शस्त्रक्रियेचा विषय निघालाच तर दुसऱ्या तज्ज्ञाचंही मत घ्या.

जाताना ती तारखांची वही न्या. मोबाईलमध्ये अर्ध्या मिनिटाची दोन रेकॉर्डिंग असू द्या, एक चांगल्या दिवसाचं, एक बसलेल्या सकाळचं. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर आवाज हमखास चांगला लागतो, आणि मग दाखवायला काहीच उरत नाही.